काकांचे हातमोजे

८ मार्च, रविवार

ही फोनवर म्हणाली, तुम्हाला बोलायला काही सुचतच नाही. मी विचारते आज काय झालं, तुम्ही म्हणता काही नाही. काम कसं चाललंय, तर म्हणता चाललंय. भिंतीशी लग्न केल्यासारखं वाटतं मला. रोज जे काही होईल ते लिहून ठेवा आणि रविवारी वाचून दाखवा. म्हणून ही वही आणली. सातवीत शाळा सुटली त्यानंतर सही सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. बोटं आखडतात.

तर ऐक. तू आमची लॉण्ड्री पाहिलेली नाहीस म्हणून सांगतो. लांबच लांब शेड आहे. एका बाजूला हॉटेलांच्या चादरी, दुसऱ्या बाजूला हॉस्पिटलच्या. मी हॉटेलच्या बाजूला इस्त्रीच्या रोलरवर असतो, स्वच्छ काम आहे. हॉस्पिटलच्या टेबलावर गाठोडी सोडून कपडे वेगळे करावे लागतात, ते काम कोणालाच नको असतं, म्हणून मुकादम आळीपाळीने लावतो. शेडच्या मागे आमची खोली. आम्ही पाच जण. मी, तुझा भाऊ, कपडे पिळायच्या मशीनवरचा पैलवान (काडी आहे, म्हणून पैलवान), गाडीवरचा ड्रायव्हर आणि काका. काका सगळ्यांत जुने, इस्त्रीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही. तुझा भाऊ मजेत आहे. मोबाइलवरून डोळा काढत नाही एवढंच.

जुलैत येतोय. आईला सांग, आता तरी टोमणे बंद कर. या खेपेला मनासारखं होईल.

१२ मार्च, गुरुवार

हे हिला वाचून दाखवायचं नाही.

मेव्हण्याची कंबर धरली होती. काकांच्या पिशवीत बाम असतो हे सगळ्यांना माहीत आहे. काका शेडमध्ये होते, याने पिशवीत हात घातला तर बाम नाही, गोळ्यांची बाटली निघाली. वरचा कागद खरवडून काढलेला. काका रोज रात्री जेवल्यावर एक गोळी घेतात, बीपीची म्हणून. पण बीपीच्या गोळीचा कागद कोण खरवडतो? मेव्हण्याने गोळीवरची अक्षरं मोबाइलमध्ये टाकली आणि त्याचं तोंड पांढरं पडलं.

"दाजी, ही एड्सची आहे."

पैलवान नेमका काकांच्या पेल्याने पाणी पीत होता. त्याने दारातच चूळ टाकली आणि मग बाहेर जाऊन ओकत बसला.

काका आले. बाटली खोलीच्या मध्यभागी ठेवलेली, आम्ही चौघे भिंतींना टेकून. त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि म्हणाले, "माझी आहे. इकडे द्या." कोणी हात लावेना. शेवटी त्यांनीच उचलली.

"कधीपासून आहे?" ड्रायव्हरने विचारलं.

"तुम्ही इथे यायच्या आधीपासून."

पैलवान ओरडला, "इतकी वर्षं आमच्या भांड्यांत जेवलात!"

"तुमच्या नाही, माझ्या. तुम्हीच माझ्या भांड्यांत जेवलात. आणि घासली मीच."

माणसाची एवढी जीभ चालते कशी अशा वेळी?

१३ मार्च, शुक्रवार

बोललो मीच. बाकीचे नुसते कुजबुजत होते, पैलवान तर काकांसमोर मान वर करत नव्हता. मी सरळ सांगितलं, काका, आम्हाला बायकापोरं आहेत, तुम्ही इथे झोपू नका. बॉयलरच्या खोलीत जागा आहे, ऊबही आहे. पेला, ताट, बादली सगळं तिकडे. संडास वापरलात तर ब्लीच ओतायचं.

काका म्हणाले, "चादर न्यायची का ठेवायची?"

मी म्हटलं न्या.

मग मुकादमाच्या कानावर गेलं. त्याने काकांना इस्त्रीवरून काढलं आणि हॉस्पिटलच्या टेबलावर कायमचं टाकलं. म्हणाला, "नाहीतरी तिथे सुया-बिया निघतात. याला आता काय फरक पडतो?" आम्ही सगळे हसलो. आळीपाळी संपली म्हणून आनंदच झाला, खोटं का बोलू.

संडास मी स्वतः घासला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ब्लीच ओतलं. रात्री छान झोप लागली.

१९ मार्च, गुरुवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. काकांबरोबर आम्ही इतके दिवस राहिलो, एकाच टॉवेलने तोंड पुसलं, मग अजून कोणाला काही कसं झालं नाही? पैलवान म्हणतो, ते आतल्या आत वाढतं. ड्रायव्हर म्हणतो, डास चावला की संपलं. मेव्हणा म्हणतो, मोबाइलवर लिहिलंय की डासाने होत नाही. ड्रायव्हर म्हणाला, मोबाइलला डास चावतो का?

काका मात्र पूर्वीसारखेच. दुपारी शेडबाहेर उकिडवे बसून एकटे जेवतात. त्यांनी कुठून तरी जाड रबरी हातमोजे विकत आणलेत, कोपरापर्यंत येणारे. कंपनीचे मोजे पातळ, एका दिवसात फाटतात, आणि आता तर मुकादम तेही देत नाही. मोजे घालून काका गाठोडी सोडतात तेव्हा जनावराच्या डॉक्टरासारखे दिसतात. मी हे मोठ्याने बोललो. हशा पिकला. काकांनी ऐकलं असणार.

त्यांना हे कुठून लागलं असेल ते उघडच आहे. आपण कशाला तोंड विटाळायचं.

२७ मार्च, शुक्रवार

आज वाईट झालं.

हॉस्पिटलच्या दोन गाड्या एकदम आल्या. मुकादमाने मला रोलरवरून उठवून काकांच्या टेबलावर पाठवलं. मी म्हटलं, मी त्यांच्या शेजारी उभा राहणार नाही. मुकादम म्हणाला, मग घरी जा.

गेलो. काकांनी आपला उजव्या हाताचा मोजा काढला आणि माझ्यासमोर धरला. "तू उजवा घाल. मी डाव्याने ओढतो, तू उचल. गाठोड्यात हात घालू नको, आधी झटकायचं."

आत त्यांच्या घामाने ओला झालेला मोजा. मी म्हटलं, "काका, डोकं ठिकाणावर आहे का? तुमच्या हातातला मोजा मी घालू?"

त्यांनी मोजा परत चढवला.

तिसऱ्या की चौथ्या गाठोड्यात चादर ओढली आणि अंगठ्याला चटका बसल्यासारखं झालं. बघतो तर सुई. इंजेक्शनची, मागे नळीसकट. आत लालसर काहीतरी होतं. मी सुई फेकली, अंगठा पिळला, पिळून पिळून रक्त काढलं आणि ब्लीचच्या डब्यात बुडवला. असा झोंबला की ओठ चावला. पण बरं वाटलं, जे काही असेल ते मेलं असणार.

काका म्हणाले, "पिळू नको. ब्लीच नको. साबण-पाण्याने धू आणि मोठ्या दवाखान्यात जा. आत्ता जा. अशा वेळी घ्यायची गोळी असते. तीन दिवसांच्या आत सुरू केली तरच उपयोग, जितक्या लवकर तितकं चांगलं."

मी म्हटलं, "तुमच्या गोळ्या मला? तुमच्यासारखा समजता का मला?"

सगळे बघत होते. दुसरं काय म्हणणार होतो?

२८ मार्च, शनिवार

अंगठ्यावर भोक दिसतही नाही. ब्लीचने कातडी मात्र सोलली.

कोणाला सांगितलं नाही. मेव्हण्याने विचारलं तर म्हटलं, रोलरवर भाजलं.

काका मुद्दाम घाबरवत असतील. एकटे पडलेत, बॉयलरच्या खोलीत सोबत हवी असेल. पण मग मोजा कशाला दिला?

संध्याकाळी हिचा फोन. म्हणाली, वाचून दाखवा. मी म्हटलं, उद्या. आईने पाळणा माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय म्हणे. जुलैत घरी जायचं आणि माझ्या अंगात ते असेल तर?

२९ मार्च, रविवार

सकाळी चपला घालून तीनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मग खोलीत सांगितलं की सिमकार्ड आणायला चाललोय.

मोठ्या दवाखान्यात तातडीच्या खिडकीवर सांगायला तोंड उघडेना. मागची म्हातारी म्हणाली, "अरे बाबा, सांग काय ते, माझा श्वास चाललाय इथे." मग सांगितलं. एका छोट्या खोलीत नेलं. तिथे एक बाई होत्या, माझ्या मावशीच्या वयाच्या, चष्मा कपाळावर.

"कधी टोचली?"

"परवा दुपारी."

"मग परवा दुपारी का नाही आलात?"

मी अंगठा मुठीत लपवला.

"हातमोजे नव्हते?"

"होते."

"मग?"

म्हटलं, माझ्या मापाचे नव्हते.

बाईंनी सगळं सांगितलं, आवाज जराही न उतरवता. मला दार लावावंसं वाटत होतं. हा रोग रक्तातून जातो, निरोध न वापरता संबंध ठेवला तर जातो, आणि उपचार नसतील तर आईकडून बाळाला जातो. सुईतून लागण्याची शक्यता फार थोडी, पण आहे. म्हणून अठ्ठावीस दिवस गोळ्या घ्यायच्या, एकही न चुकवता. रक्त आज तपासायचं, मग परत, आणि तीन महिन्यांनी शेवटचं. तोपर्यंत बायकोजवळ जायचं तर निरोध. रक्तदान नाही.

मी विचारलं, "पेल्याने होतं का?"

"नाही."

"एका संडासाने?"

"नाही."

"टॉवेल? डास?"

"नाही. का, कोण आहे?"

"आमच्या खोलीत एक आहे. होता."

"गोळ्या घेतो?"

"रोज. घड्याळ लावून."

"मग त्याच्यापासून तुम्हाला काय होणार? नियमाने गोळी घेणाऱ्याच्या रक्तात तो विषाणू इतका दबतो की तपासणीतही दिसत नाही. मग संबंधातून बायकोलाही लागत नाही. त्याला स्वतःचं माहीत आहे. तुमच्या बाकीच्यांपैकी कोणी तपासून घेतलंय?"

मी म्हटलं, बाई, आम्ही सगळे चांगल्या घरचे आहोत.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग परत उचललं आणि लिहायला लागल्या.

रक्त काढलं. आजचं साफ आलं. म्हणजे आधीचं काही नाही. पण बाई म्हणाल्या, परवाचं एवढ्यात कळत नाही. पहिली गोळी तिथेच घेतली, बाईंच्या समोर.

बाटली तीच आहे. अगदी तीच. येताना रस्त्यात बसून वरचा कागद मी नखाने खरवडून काढला.

२ एप्रिल, गुरुवार

गोळीने मळमळतं. रात्री चित्रविचित्र स्वप्नं. खोलीत सांगितलंय पित्ताच्या आहेत. पैलवान म्हणाला, मलाही दे एक, मला पित्त आहे. मी त्याच्यावर असा ओरडलो की तो दोन दिवस बोलत नाहीये.

माझी आणि काकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना रोग आहे म्हणून घेतात, मी होऊ नये म्हणून घेतो. हे कोणाला समजावून सांगायचं म्हटलं तर समजेल का? समजायला पाहिजे. सरळ आहे.

पण सांगत नाही.

११ एप्रिल, शनिवार

कामावरून आलो तर बाटली खोलीच्या मध्यभागी, आणि तिघे भिंतींना टेकून.

मेव्हण्याने पित्ताची म्हणून एक गोळी घ्यायला बाटली उघडली. अक्षरं त्याला आता पाठ आहेत.

मी सगळं सांगितलं. सुई, अंगठा, तीन दिवस, बाई, सगळं. होऊ नये म्हणून घेतात रे, असं दहा वेळा सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "काका पण बीपीचीच म्हणायचे." पैलवान म्हणाला, "सुई टोचली तर त्या दिवशी भाजलं का म्हणालास?"

मी मेव्हण्याकडे पाहिलं. म्हटलं, अरे, तू तरी सांग, तू मोबाइलवर वाचतोस. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "माझ्या बहिणीचं काय?" आणि बाटली घेऊन बाहेर गेला. मी मागे धावेपर्यंत त्याने गोळ्या गटारात ओतल्या होत्या.

मी त्याला मारलं. त्यानेही मारलं. मग त्याने तिथेच, नाकातून रक्त येत असताना, घरी फोन लावला.

नाकातून रक्त आलं तसे पैलवान आणि ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकले. त्याच्यापासून नाही. माझ्यापासून.

सामान मी स्वतःच उचललं. काय नियम आहे ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

बॉयलरच्या खोलीत काका चादर शिवत बसले होते. त्यांनी आपली वळकटी सरकवून जागा केली, पण वर पाहिलं नाही. मी म्हटलं, माझ्या गोळ्या गेल्या. गोळ्यांची खिडकी सोमवारी उघडते. आता चुकल्या तर चुकल्या, मरू दे.

काकांनी आपल्या बाटलीतून दोन गोळ्या काढून झाकणावर ठेवल्या. "त्याच आहेत. आज एक, उद्या एक. सोमवारी बाईंना खरं सांग."

"मला कशाला देता?"

"तुझ्यासाठी नाही देत. या दुखण्यात मला जोडीदार नकोय. जागा आधीच कमी आहे."

गोळी घेतली. त्यांच्याच पेल्यातल्या पाण्याने, दुसरा पेला नव्हता.

१३ एप्रिल, सोमवार

बाईंनी झापलं. दुसऱ्याच्या गोळ्या घ्यायच्या नसतात, पुढच्या वेळी रात्री असली तरी तातडीच्या खिडकीवर या. पण चुकवली नाही हे चांगलं केलंत, म्हणाल्या. उरलेल्या गोळ्या दिल्या. काकांचीही सोय करते म्हणाल्या.

हिचा फोन लागत नाही. सासऱ्यांचा आला. "आमची मुलगी आम्ही घेऊन आलोय. तुम्ही तिकडे काय करता ते तिकडेच ठेवा." मी म्हटलं, मामा, सुई टोचलीय. ते म्हणाले, "सगळ्यांना सुईच टोचते." फोन ठेवला.

माझ्या आईने तर रडता रडता विचारलं, "त्या बाईचं नाव तरी सांग." कोणत्या बाईचं, आई?

मुकादमाने मला हॉस्पिटलच्या टेबलावर टाकलं. कारण तेच, त्याला नवीन शब्दही सुचले नाहीत. मी पेठेतून जाड हातमोजे आणले.

२६ एप्रिल, रविवार

काल शेवटची गोळी झाली.

हिला आजही फोन लावला. वाजतो आणि बंद होतो. म्हणजे बघते आणि बंद करते. बंद असता तर वेगळं.

९ मे, शनिवार

काका चालले. दुसऱ्या शहरात हॉटेलच्या लॉण्ड्रीत इस्त्रीचं काम मिळालंय. तिथे कोणाला माहीत नाही.

काल गाठोडी झटकता झटकता मी विचारलंच, "काका, तुम्हाला कुठून लागलं?"

ते म्हणाले, "बाईकडून म्हटलं तर तुला बरं वाटेल. सुईतून म्हटलं तर तुला भीती वाटेल. म्हणून सांगत नाही."

मला वाटलं होतं जाताना काही बोलतील. मीही काही बोलायचं ठरवलं होतं, मनात दोन-चार वाक्यं घोळवली होती. त्यांनी पिशवी उचलली, हातमोजे झटकून आत भरले आणि म्हणाले, "दाराची कडी आतून नीट लागत नाही. वर उचलून लाव." गेले.

वाक्यं तशीच राहिली.

३० जून, मंगळवार

साफ!

शेवटची तपासणी झाली. बाई म्हणाल्या, झालं, आता तुम्ही मोकळे. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर खुर्ची मागे घेतली. "पाया नको. हातमोजे घाला, आणि जिथे जाल तिथे निरोधाची लाज सोडा."

पळत खोलीवर आलो, रिपोर्ट पैलवानाच्या नाकासमोर धरला. त्याने हात मागे बांधून वाचला. "असे कागद पेठेत मिळतात," म्हणाला. सासऱ्यांना फोटो पाठवला. त्यांचंही तेच, फक्त जरा जास्त शुद्ध भाषेत. हिला पाठवला. दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर नाही.

मुकादमाला मात्र लगेच पटलं. काका गेल्यापासून इस्त्री बिघडलीय, हॉटेलवाले बोंबलतात. म्हणाला, उद्यापासून रोलरवर ये. मग डोकं खाजवत म्हणाला, "टेबलावर कोणाला टाकू?" आणि शेडभर नजर फिरवली. सगळ्यांत नवीन आणि सगळ्यांत लहान कोण, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी म्हणू शकलो असतो की आळीपाळीने लावा. म्हणालो नाही. आतून गार वाटलं.

१ जुलै, बुधवार

मेव्हणा टेबलावर. रोलरवरून सरळ दिसतो. उघड्या हातांनी गाठोडी सोडतोय.

दुपारपर्यंत पाहिलं. मग माझे मोजे नेऊन टेबलावर टाकले. त्याने लाकडी चिमट्याने उचलले, ज्याने उकळत्या पाण्यातले कपडे काढतात त्या, आणि खाली फरशीवर सोडले.

"तुमचे नकोत," म्हणाला. आधी दाजी तरी म्हणायचा.

मी मोजे उचलले. मनात म्हटलं, मर.

११ जुलै, शनिवार

आज मी घरी असणार होतो.

दुपारी रोलरवर होतो. टेबलाकडून ब्लीचचा वास एकदम दाट आला. बघतो तर मेव्हणा डब्याजवळ उकिडवा, हात मनगटापर्यंत आत, ओठ चावलेला.

गेलो. "काय झालं?"

"काही नाही. भाजलं."

"थंड टेबलावर भाजलं?"

तो माझ्याकडे बघेना. मी हात बाहेर ओढला. तर्जनी पांढरीफटक, मधोमध लाल ठिपका. पाहून मला काय वाटलं ते लिहितो, इथे नाही लिहिणार तर कुठे? आधी वाटलं, बरं झालं. खरंच वाटलं. मग त्याची हनुवटी थरथरताना दिसली. हिचीही रडायच्या आधी अशीच थरथरते.

नळाखाली हात धरून साबणाने धुतला. म्हटलं, चल.

"कुठे?"

"माहीत आहे तुला कुठे."

"नको. खोलीत कळलं तर? तुम्ही बघितलंय काय करतात."

"मी करूनही बघितलंय. चल."

"तुम्हाला बरं वाटत असेल."

"हो, वाटतंय. चप्पल घाल."

मुकादम ओरडला, दोघे कुठे निघालात, गाडी उभी आहे. मी म्हटलं, गाठोड्यात हात घालून बघा, मग सांगतो.

रस्ताभर मेव्हणा चार पावलं मागे चालत होता. तातडीच्या खिडकीवर त्याचं तोंड उघडेना, म्हणून मीच सांगितलं, मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. बाईंनी मला ओळखलं. चष्मा कपाळावरून खाली घेऊन म्हणाल्या, "आता हा कोण?"

म्हटलं, बायकोचा भाऊ.

"याच्याही मापाचे नव्हते का?"

आत रक्त काढलं. पहिली गोळी त्याने माझ्यासमोर घेतली, डोळे मिटून. मग निकालासाठी बाहेर बाकावर बसायला सांगितलं. बाटली त्याच्या मांडीवर होती. तो वरचा कागद नखाने खरवडायला लागला. मी हात धरला. मग एकदम लहान मुलासारखा हुंदका देऊन म्हणाला,

"दाजी, अक्काला सांगू नका."

मी म्हटलं, "सांगायला ती माझा फोन उचलते कुठे?"